खेळाचा राखणदार

पेडणे व डिचोली या तालुक्यांत ‘खेळ’ हा शब्द दोन अर्थांनी चालत आला आहे. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात दशावताराचा होतो तोही खेळ, आणि दुपारच्या निवांत वेळी पडवीत सोंगट्यांचा वा पत्त्यांचा मांडतात तोही खेळच. या दोन गोष्टींना भाषेने एकच नाव दिले यात काही नवल नाही. दोहोंतही जे घडते ते खरे नसते. ज्या नियमांनी घडते ते नियम मात्र खरे असतात. संकासुराचे सोंग घेतलेला नट मरत नाही. तथापि विष्णूच्या हातून संकासुराचा वध झाल्यावाचून पुढचे आख्यान उभे राहत नाही.

अशाच एका खोट्या जगाच्या खऱ्या नियमांचा विचार आम्ही येथे योजिला आहे. अमेरिकेत बेसबॉल या चेंडूफळीच्या खेळाचे मोठे वेड आहे. त्या वेडातून गेल्या शतकात एक विलक्षण प्रकार निपजला, तो म्हणजे काल्पनिक बेसबॉलची लीग. या लीगला मैदान नसते, चेंडू नसतो, आणि पुष्कळदा खेळाडूही जन्माला आलेले नसतात. त्यांची नावे, वये व गुणदोष कागदावर वा संगणकात निर्माण केलेले असतात. असे असूनही सामने होतात, मोसम संपतात, नवे खेळाडू येतात, जुने निवृत्त होतात, आणि एकमेकांस कधीही न भेटलेली माणसे वर्षानुवर्षे तो संसार चालवितात.

दूरदेशीच्या या खटाटोपाशी आमच्या मंदिरसमाजाचे काय देणेघेणे, असे सुज्ञ वाचक विचारतील. देणेघेणे आहे, आणि ते आमच्याच एका हरवू लागलेल्या ठेव्याशी आहे. सावंतवाडीच्या गंजिफेची पाने आजही पाहावयास मिळतात. ती घेऊन खेळावयास बसणारे मात्र शोधावे लागतात. उलटपक्षी त्या काल्पनिक लीगजवळ दाखविण्याजोगे काहीच नाही, आणि तरी ती खेळली जाते. हा फरक कशाने पडला, एवढाच आमचा प्रश्न.

प्रथम आमच्या परंपरेतील दोन कथांचे स्मरण करू, कारण फासा आणि हिशेब यांचे नाते तेथे पूर्वीच सांगून ठेविलेले आहे. वनपर्वातील नलोपाख्यानात द्यूतापायी राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून राजा त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, तो संख्या बरोबर येते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवितो, आणि नल त्याबदली अश्वहृदय देऊ करतो. ज्या झाडाची फळे प्राचीन काळी फाशांप्रमाणे वापरीत तेच हे बेहड्याचे झाड. मोजण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकच, असा या कथेचा इत्यर्थ आम्ही घेतो. ज्याला मोजता येत नाही त्याच्या लेखी फासा म्हणजे दैव. ज्याला मोजता येते तो दैवाचीही मर्यादा जाणतो.

दुसरी कथा सभापर्वातील, आणि ती अधिक कठोर आहे. द्रौपदीने भरसभेत जो प्रश्न विचारला तो मुळात खेळाच्या नियमाचा प्रश्न होता. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरविले की मला? स्वतःवरचा अधिकार गेल्यावर दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? विदुराने व विकर्णाने न्यायाची बाजू घेतली, परंतु सभेने ती मानली नाही. भीष्मांसारख्यांनीही धर्माची गती सूक्ष्म म्हणून निर्णय टाळला. तेथे पट होता, फासे होते, खेळाडू होते, सभाही भरलेली होती. निर्णय देणारा तेवढा कोणी उरला नव्हता. खेळाचा अनर्थ व्हावयास तेवढे पुरे झाले.

आता गंजिफेकडे वळू. हा खेळ आमच्या सीमेवरचा आहे असे म्हणतात, पण सीमा नंतरची आणि संबंध आधीचा. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तोवर हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. पुढे राज्य बदलले तरी जत्रा, सोयरिकी आणि दशावताराची मंडळे तेरेखोल नदी ओलांडून जात-येत राहिली. म्हणून वाडीच्या चिताऱ्यांची कला आम्ही परकी मानीत नाही.

गंजिफेचे नाव फारसी आहे. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफेची पाने धाडल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त जो खेळ वर्णिला आहे त्यात बारा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने, अशी १४४ पाने होती. त्या रंगांची नावे पाहण्यासारखी आहेत: अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती, नौपती इत्यादी. म्हणजे एकेक रंग हे एकेक कल्पित राज्य, त्याला एक राजा, एक प्रधान आणि दहा पानांचे दळ. बारा संघांची ही एक लीगच होय, असे आज कोणी म्हटले तर त्यास आम्ही हसणार नाही.

हाच साचा हिंदू समाजाने आपला करून घेतला आणि दशावतारी गंजिफा जन्मास आली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. पाने गोल, पूर्वी ती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर लाखेचा हात देऊन करीत. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू, अशा खुणा मोजून पानाचे मोल कळते. राजा व प्रधान सर्वच रंगांत वरचढ. परंतु त्यांच्या खाली निम्म्या रंगांत दश्शा श्रेष्ठ आणि एक्का कनिष्ठ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ आणि दश्शा कनिष्ठ. दिवसा खेळ मांडल्यास रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करावयाची, रात्री मांडल्यास कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने. सर्व रंगांस मारणारा एखादा हुकमी रंग यात नाही. त्या त्या रंगातील वरचे पान निघून गेले की त्याच्या खालचे पान त्या रंगाचा हुकूम होते. तिघे बसले तर प्रत्येकाच्या हाती ४० पाने येतात, आणि कोणती पाने निघाली व कोणती उरली याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. ऋतुपर्णाची मोजण्याची विद्या येथे दर डावाला कामी येते.

हेच दहा अवतार पेडण्याच्या देवळांपुढे रात्रभर रंगमंचावरही उभे राहतात. ज्यास आमच्याकडे ‘धयकालो’ म्हणतात त्या दशावतारात लिखित संहिता नसते. कोणते आख्यान, कोणती भूमिका कोणाची, प्रवेशांचा क्रम काय, एवढे आधी ठरते. संवाद नट जागच्या जागी रचतो. तरी राम रावणाची भाषा बोलत नाही, आणि पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत कथा मार्ग सोडीत नाही. मोकळीक आणि बंधन यांचा हा मेळ नीट ध्यानात ठेवावा, कारण ज्या अमेरिकन खेळाकडे आम्ही येत आहो त्याचे मर्मही हेच आहे.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा आणि फळीने टोलविणारा यांचे द्वंद्व पुनःपुन्हा होते, आणि प्रत्येक द्वंद्वाचा निकाल स्वतंत्रपणे मोजता येतो. इंग्लंडात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) या पत्रकाराने सामन्याचा तपशील तक्त्यात मांडण्याची पद्धत रूढ केली. तेव्हापासून त्या खेळाचा प्रत्येक फटका कोठे ना कोठे नोंदलेला आहे. एवढी नोंद हाती असल्यावर कोणास तरी सुचणे ओघानेच आले की, या आकड्यांवरून सामना पुन्हा घरबसल्या का मांडू नये?

आमच्या शाळकरी मुलांनाही हे सुचले होते. पुस्तक कोठेही उघडावे, डावीकडच्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक ही धाव मानावी, शून्य आले की बाद. हे पुस्तकी क्रिकेट पुष्कळांच्या बालपणात असेल. पण डावीकडचा क्रमांक नेहमी सम असतो. त्यामुळे शून्य, दोन, चार, सहा व आठ हे पाचही अंक जवळजवळ सारख्याच वेळा निघतात, मग फलंदाज पहिला असो की अकरावा. येथे दैव आहे, गुण नाही. गंजिफेत याच्या उलट: पाने वाटून झाली की पानाचे बळ ठरले, मग सारी मदार स्मरणावर व चातुर्यावर.

दैव आणि गुण यांस एका तराजूत घालण्याचे काम अमेरिकेतील काही छांदिष्टांनी केले. क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी १९३० च्या सुमारास प्रत्येक खेळाडूसाठी त्याच्या कामगिरीवर बेतलेले स्वतंत्र पान करून ‘नॅशनल पास्टाइम’ हा खेळ विकावयास आणला. त्याच वाटेने पेनसिल्वेनियातील लँकेस्टरच्या रिचर्ड साइट्झ यांचा ‘एपीबीए’ १९५१ साली निघाला. त्यात दोन फासे एकापुढे एक वाचतात, म्हणजे ११ पासून ६६ पर्यंत ३६ निकाल होतात, आणि खेळाडूच्या पानावर त्या ३६ निकालांची वाटणी त्याच्या खऱ्या कर्तृत्वाच्या प्रमाणात केलेली असते. गोवा मुक्त झाला त्याच १९६१ साली हॅल रिचमन यांनी ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ बाजारात आणला. यात तीन फासे असतात. पहिला फासा सांगतो की निकाल टोलविणाऱ्याच्या पानावर पाहावा की फेकणाऱ्याच्या. उरलेल्या दोहोंची बेरीज पानावरील ओळ दाखविते. दोन फाशांची बेरीज सात ही ३६ पैकी सहा वेळा येते आणि दोन किंवा बारा केवळ एकेकदा. त्यामुळे नेहमीचे फळ सातापाशी आणि दुर्मिळ फळ टोकांपाशी ठेवता येते. चांगला खेळाडूही एखाद्या दिवशी फसतो, पण मोसमभरात त्याचा गुण वर येतोच. अक्षहृदय म्हणतात ते याहून वेगळे काय असेल?

येथवर खेळाडू खरे होते. पुढची पायरी म्हणजे खेळाडूच कल्पून काढणे. रॉबर्ट कूव्हर यांच्या १९६८ च्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीचा नायक हेन्री वॉ हा एक एकाकी हिशेबनीस आहे. तो स्वयंपाकघरातील मेजावर तीन फाशांनी एक संपूर्ण काल्पनिक लीग चालवितो, तिचा इतिहास वह्यांतून लिहितो, खेळाडूंची वंशपरंपरा ठेवतो. त्याचा लाडका तरुण गोलंदाज फाशांच्या एका दुर्मिळ दानाने चेंडू लागून मरतो. वॉ तो निकाल पुसत नाही, कारण नियम त्याचाच आहे. पण दुःख अनावर झाल्यावर तो एके दिवशी फासा हाताने फिरवून ज्याच्या चेंडूने तो मेला त्या खेळाडूस मारतो. आमच्या मते कादंबरीतील खरा अपघात पहिला नव्हे, दुसरा. पहिल्यात एक खेळाडू गेला. दुसऱ्यात खेळाचा राखणदारच गेला.

गावाच्या वेशीवरचा राखणदार आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो शेती करीत नाही, पीक घेत नाही, मर्यादा राखतो. संगणकावर चालणाऱ्या काल्पनिक लीगमध्ये हे पद ज्याच्याकडे असते त्यास ‘कमिशनर’ म्हणतात. मार्कुस हाइन्सोन या जर्मन गृहस्थाने तयार केलेली ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ ही संगणकप्रणाली १९९९ साली निघाली, आणि अशा लीग महाजालावर चालविणे सोपे झाले. कामाची रीत साधारण अशी असते. लीगची मूळ प्रत कमिशनरजवळ राहते. प्रत्येक संघाचा चालक आपल्या संघाची रचना, अदलाबदलीचे बेत व सूचना ठरलेल्या वेळेपूर्वी धाडतो. कमिशनर त्या सर्व सूचना मूळ प्रतीत घालतो, ठरलेल्या दिवसांचे सामने संगणकाकडून खेळवितो आणि नवी प्रत सर्वांस परत देतो. मोसमाच्या शेवटी कल्पित नवोदितांची वाटणी होते. मागच्या मोसमात तळाशी राहिलेल्यास बहुधा प्रथम निवड मिळते, म्हणजे दुर्बळास पुन्हा उभे राहण्याची संधी.

ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु अशा लीग कशाने मोडतात हे पाहिले म्हणजे राखणदारीचे मोल कळते. सामने ठरल्या दिवशी झाले नाहीत की चालकांचा उत्साह ओसरतो. सतत हरणारा चालक न सांगता निघून जातो व त्याचा संघ बेवारस पडतो. त्यास नवा धनी शोधावा लागतो. दोन मित्र आपसांत एकतर्फी अदलाबदल करतात. तीवर इतरांचे मत घेण्याचा नियम आधीच करून ठेवावा लागतो. आणि सर्वांत नाजूक गोष्ट अशी की, कमिशनरचा स्वतःचाही संघ पुष्कळदा त्याच लीगमध्ये असतो. सारी कळ त्याच्या हाती असता त्याने ती आपल्यासाठी फिरविली नाही, हा विश्वास हीच त्या जगाची खरी जमीन. हा विश्वास नुसत्या सद्भावाने टिकत नाही. नियम लेखी असावे लागतात, निकाल सर्वांस दिसावे लागतात, आणि जो निर्णय दुसऱ्यास लावला तोच स्वतःस लावावा लागतो. कौरवसभेत नेमके हेच घडले नव्हते.

आता आमचा मूळ प्रश्न. लीगपाशी पाने नाहीत, चित्रे नाहीत, मोलाचे काही नाही. आहे ती केवळ वेळेवर जमणारी मंडळी, उघडी वही आणि एक निःपक्ष राखणदार. गंजिफेपाशी याच्या नेमके उलट झाले. छापखान्यातून निघालेले ५२ पानांचे स्वस्त जोड घरोघर आले. हाताने रंगविलेली १२० पानांची गंजिफा त्यांच्यापुढे महाग पडली व शिकावयास अवघड वाटली. चिताऱ्यांची कला विझत असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन ती सावरली. त्यांचे हे ऋण मोठे आहे. त्यांच्यामुळे पान वाचले. पण पान भेटवस्तू म्हणून दिले जाते, चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाते. डावात उतरविले जात नाही. हे काम राजघराण्याचे नव्हते. राजवाडा पाने रंगवू शकतो, खेळगडी रंगवू शकत नाही. ते काम आमचे होते आणि अजूनही आहे.

या भेदाचे उत्तम उदाहरण आमच्या डिचोली तालुक्यातच उभे आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीजांनी पाडल्यावर भाविकांनी लिंग नदीपार नार्व्यास आणिले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. नुसते लिंग वाचविले असते तर ते आज एखाद्या संग्रहालयातील पाषाण असते. पूजा, सेवेच्या पाळ्या, उत्सव आणि हिशेब ही सारी चालू राहिली म्हणून तो देव राहिला. वस्तू राखणे हा अर्धा धर्म. तिच्याभोवतीची रीत राखणे हा उरलेला अर्धा.

येथे दोन शंका निघतील. अवतारांची चित्रे हाती घेऊन हरणे-जिंकणे कितपत उचित, ही पहिली. जो समाज देवळापुढे त्याच अवतारांची सोंगे भक्तीने पाहतो त्याने या शंकेने अडू नये. डावागणिक ज्याच्या मुखी राम, कृष्ण, नरसिंह, वामन यांची नावे येतात त्याचा वेळ वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. दुसरी शंका जुगाराची. ती रास्त आहे, आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी असता ती गोमंतकीयांनी घ्यावीच. त्यावर उपाय एकच: पैसा पटावर येऊ द्यावयाचा नाही. भारत सरकारच्या २०२५ च्या कायद्यानेही महाजालावरील पैशाचे खेळ आणि इतर खेळ यांत भेद केला आहे. आम्ही ज्या लीगचे वर्णन केले तिचे चालक केवळ खेळाच्या गोडीने वर्षे घालवू शकतात, तर आम्हांस पणाची गरज का पडावी?

म्हणून आमची सूचना साधी आहे. पेडणे–डिचोलीतील ज्या देवस्थानांची अग्रशाळा आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी असते, त्यांच्या महाजनांनी तेथे गंजिफेचा एक जोड आणून ठेवावा. गावोगावच्या रीतींत अंतर असेल. मंडळींनी एक रीत ठरवून ती लिहून भिंतीस लावावी. वार ठरवावा आणि तो चुकवू नये. डावांची वही ठेवावी व ती कोणासही पाहता यावी. दर महिन्यास पाळीने एकाने स्वतः न खेळता राखणदारी करावी. जाणत्यांनी मुलांस शिकवावे, आणि हरणाऱ्यास पुढल्या वेळी पहिली उतारी देण्यासारखी एखादी सवलत ठेवावी, म्हणजे तो उठून जाणार नाही. वर्षभर एवढे झाले तर पुढच्या जत्रेत धयकालो पाहताना मुलांना दहा अवतार नुसते दिसणार नाहीत. त्यांच्या हाती ते खेळून गेलेले असतील.

खर्च म्हणाल तर एका जोडाचा. कष्ट म्हणाल तर ठरल्या वेळी येऊन बसण्याचे. ज्या देशात नसलेल्या खेळाडूंसाठी माणसे वेळेवर जमतात, त्या देशाकडून खेळ उसना घेण्याची आम्हांस जरूर नाही. जमण्याची शिस्त मात्र अवश्य घ्यावी.